कापसात गोळा केलेले आवाज

माझ्या कामाला आमच्याकडे अजून नाव नाही. अम्मीला कोणी विचारलं की ती सांगते, "फोनमध्ये लोकांना बोलायला लावते." अब्बा म्हणतात, "काँप्युटरचं काय तरी हाये." मी स्वतःही नीट सांगू शकत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मी जे काही करते ते घरच्यांना बरोबरच वाटतं, आणि चुकतंय का हे विचारायला कोणी नसतं. ज्यांनी तीस-तीस वर्षं नोकरी केली अशा लोकांच्या कामाच्या आठवणींच्या या अंकात मी लिहावं का, असंही वाटलं. पण या कामात जे पाहिलं ते कोणाला तरी सांगायला हवं, म्हणून लिहिते आहे.

देऊळगाव राजात आमचा गादी कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक दुकान आणि मागे एक खोली. अब्बा जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून पुन्हा भरतात. मागच्या खोलीत छतापर्यंत गाद्या रचलेल्या असतात आणि मधल्या रिकाम्या जागेत दोन माणसं जेमतेम बसतात. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा आमच्या कॉलेजातल्या सरांच्या ओळखीतून पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. फोनवर बोललेलं समजणारं सॉफ्टवेअर ते बनवत होते. त्याला पुण्याची मराठी समजायची, पण आपल्याकडचा माणूस "मले समजून नाही राह्यलं" म्हणाला की ते गप्प व्हायचं. म्हणून त्यांना आपल्याकडचे आवाज हवे होते. फोनवर एक वाक्य यायचं, समोरच्या माणसाने ते आपल्या बोलीत म्हणायचं, मी ते तपासून पाठवायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवायचे.

मागे कुठला आवाज आलेला चालत नसे. बसचा हॉर्न, पंखा, कोंबडा, काहीच नाही. आमच्या मागच्या खोलीत ते आपोआप साधायचं. चारी बाजूंनी कापूस, आवाज भिंतीपर्यंत पोचतच नाही. पण तिथे बसलेला माणूस थोड्या वेळाने अस्वस्थ व्हायचा. एक आजोबा म्हणाले, "पोरी, इथं माह्यं काळीज वाजून राह्यलं, तुले ऐकू येते का?" एक किराणा दुकानदार तर बोलता बोलता उठून बाहेर गेले. "तोंडातून शब्द निघते अन् कोनी तरी गिळून घेते," म्हणाले. अब्बांनी त्यांना पाणी दिलं.

माणसं मोठी गमतीची भेटली. फोन समोर धरला की सगळे एकदम बातम्या दिल्यासारखं बोलायचे. मी म्हणायचे, "काका, घरी बोलता तसं बोला." एक काका म्हणाले, "घरी बोलतो तसं? घरी तं मी शिव्या देतो." "माझं पीक जळून गेलं" असं एक वाक्य होतं, ते म्हणायला कोणी तयार होईना. घराची वास्तू 'तथास्तु' म्हणत असते, वाईट बोललेलं खरं होतं. मी कंपनीला तसं कळवलं. तिकडून उत्तर आलं की वाक्य महत्त्वाचं आहे. शेवटी ते मीच माझ्या आवाजात म्हटलं. आमच्याकडे शेत नाही.

यमुनाकाकू पहिल्यांदा आल्या त्या गादी भरून घ्यायला. साखरखेर्ड्याकडच्या एका गावात त्यांची थोडी शेती आणि पिठाची गिरणी होती. नवरा-बायको दोघं मिळून चालवायचे. दिवसभर गिरणीच्या आवाजावरून बोलायची सवय, त्यामुळे आवाज खणखणीत. मी आत अभ्यास करत होते. बाहेर त्या अब्बांना सांगत होत्या, "भाऊ, कापूस आमचाच भरजा, दुसऱ्याचा नोको." गाद्यांच्या आडूनही प्रत्येक अक्षर स्पष्ट आलं. मी पळतच बाहेर आले.

त्या हसल्या. "माह्या आवाजाचं काय करशीन व?"

मी समजावून सांगितलं. फोनवर 'मान्य आहे' लिहिलेलं असतं तिथे त्यांनी बोट टेकवलं. "मंग हा आवाज जाईन कुठं?"

"पुण्याला, काकू."

"जाऊ दे. मी नाही गेली, आवाज तरी पुणं पाहीन."

त्यानंतर बाजाराच्या दिवशी त्या येत राहिल्या. दगडूकाका, म्हणजे त्यांचे यजमान, बाहेर अब्बांजवळ चहा घेत बसायचे. काकूंना एकच खोड होती. पीठ नाकातोंडात जाऊन जाऊन त्यांना वाक्य संपलं की हलकेच घसा खाकरायची सवय लागली होती. मी ते कापून टाकायचे.

तोवर कंपनीचं काम बदलत होतं. आधी त्यांना खूप माणसं हवी होती, कारण सॉफ्टवेअरला ऐकायला शिकवायचं होतं. मग त्यांना थोडीच माणसं हवी झाली, कारण आता त्याला बोलायला शिकवायचं होतं. मग एक दिवस निरोप आला की आवाज गोळा करणं थांबवा. यमुनाकाकूंचा जेवढा आवाज होता तेवढा पुरेसा होता. त्यांनी कधी न म्हटलेलं कुठलंही वाक्य आता त्यांच्या आवाजात तयार करता येत होतं. माझ्याकडे काम उरलं ते तयार झालेली वाक्यं ऐकून बरोबर की चूक सांगण्याचं. कानात हेडफोन घालून मी त्याच खोलीत बसायचे. वाक्याआधी श्वास घेतल्याचा आवाज यायचा. ज्याला छातीच नाही ते श्वास कशाला घेतं, मला कळायचं नाही. आणि वाक्य संपलं की हलकेच खाकरायचं. मी कापलेलं ते परत आलं होतं. माझ्याकडून काही राहून गेलं असेल, त्यातून ते शिकलं असेल.

त्याच हिवाळ्यात यमुनाकाकू गेल्या. दुपारी गिरणीत दळण सुरू असतानाच छातीत दुखलं, जालन्याला नेता नेता वाटेतच संपल्या. मी भेटायला गेले होते. गिरणी बंद होती. दगडूकाका तिच्यासमोर बसून होते.

पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीची सेवा सुरू झाली. नाव नोंदवलेल्या शेतकऱ्यांना उजाडता उजाडता फोन यायचा. आज वारं कसं, पाणी येणार का, फवारणी करावी की नाही. आवाज काकूंचा. सुरुवातीला तो सगळ्यांना एकच निरोप द्यायचा. लोकांना आवडला. कोणी म्हणे, "बाई आपल्याकडचीच दिसते." कोणी विचारी, "तिले सर्दी हाये का व?" काकूंच्या गावात मात्र सगळ्यांनी ओळखला. पहिल्या दिवशी काही बायका रडल्या. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते हे मी या कामात शिकले.

नंतर सुधारलेली आवृत्ती आली. आता फोन उचलला की आवाज आधी नाव घेऊन हाक मारायचा आणि थांबायचा. ओ, हो, हाव, काहीही म्हटलं की पुढे बोलायचा. कोणी काही म्हटलं नाही, तर पुन्हा एकदा नाव घ्यायचा आणि फोन ठेवायचा. थोड्या वेळाने परत करायचा.

मला तेव्हा यात काही वावगं दिसलं नाही. बाजाराच्या दिवशी काकूंची सून संगीता दुकानात आली तोपर्यंत नाही.

"ताई, तुमचा तो फोन बंद करा," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "सासूबाई मामंजीले नावानं बोलावून राह्यल्या."

मी तिला बसवलं. अम्मीने पाणी आणलं. संगीता सांगत गेली. रोज सकाळी फोन वाजतो. मामंजी उचलतात. आतून आवाज येतो, "दगडूराव." मामंजी काही बोलत नाहीत. परत आवाज येतो, "दगडूराव." मग फोन बंद. मग ते फोन मांडीवर घेऊन परत वाजण्याची वाट पाहत बसतात.

"त्यायनं जन्मात कधी नाव घेतलं नव्हतं ताई. अहो म्हनायच्या. आता मेल्यावर नाव घेऊन राह्यल्या."

अम्मी दारात उभी होती, ती नुसती संगीताकडे पाहत राहिली. आमच्याकडेही तसंच आहे. अम्मीने अब्बांचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. बँकेत विचारलं तरी ती माझ्याकडे बघते.

"ते ओ देत नाहीत ना?" अम्मीने विचारलं.

"अजून नाही. म्हून तं आली."

गेलेल्या माणसाने नाव घेऊन हाक मारली तर ओ देऊ नये, ओ दिली की माणूस त्याच्यामागे जातो. हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. गावातल्या म्हाताऱ्यांनी दगडूकाकांना तेच बजावलं होतं. पण संगीताला भीती वेगळीच होती. मामंजींनी तिला गिरणीचा पट्टा कसा चढवायचा ते शिकवलं होतं. गिरणीचे दगड झिजले की त्यांना टाकी कशी लावायची ते दाखवलं होतं. परगावी कंपनीत असलेल्या मुलाला फोन करून म्हणाले होते, पेरणी झाली की एकदा येऊन जा.

"आजवर मले गिरणीले हात लावू देत नव्हते," संगीता म्हणाली. "आता म्हनते, सगळं शिकून घे बाई. काऊन शिकवून राह्यले, सांगा मले?"

मी कंपनीतल्या माझ्या सरांना लिहिलं. ते माझ्यापेक्षा फार मोठे नसतील, चांगले बोलतात. त्यांनी लिहिलं की वाईट वाटलं. पण काकूंची संमती नोंदलेली आहे आणि सगळ्या आवाजांत हाच आवाज लोक शेवटपर्यंत ऐकतात, म्हणून बदलता येणार नाही. तू त्यांचा नंबर यादीतून काढू शकतेस. मी काढला. एकदा बोट टेकवलं, झालं.

मला वाटलं प्रश्न सुटला.

पुढच्या बाजाराला दगडूकाका स्वतः आले. अब्बांना रामराम करून सरळ माझ्यासमोर बसले. दाढी वाढलेली, डोळे जागरण केल्यासारखे.

"तू बंद केलं?"

"हो काका. संगीतावहिनी म्हणाल्या..."

"ती लेकरू हाये, भेते." ते पुढे झुकले. "मले बोलावनं बंद केलं अन् आता शेजारच्या भास्करले बोलावते. रोज सकाळी. भास्करराव, भास्करराव. अन् तो भाड्या गादीवर पडल्या पडल्या ओ देते. म्या भिंतीआडून ऐकतो."

अब्बांनी पिंजण थांबवलं.

"मले एवढंच सांग," काका म्हणाले, "तिनं माह्यं नाव कधी घेतलं? या खोलीत घेतलं का? तुह्यासमोर?"

मी म्हटलं, "नाही काका. काकू नाहीच म्हणाल्या होत्या."

त्यांना ते पटलं नाही. मग मला आठवलं की नाकारलेली वाक्यं कंपनीकडे जात नाहीत, माझ्या फोनमध्येच पडून राहतात. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. बराच वेळ शोधल्यावर ते सापडलं. आधी माझा आवाज होता, कंपनीने म्हणवून घ्यायला दिलेली नावं एकेक सांगणारा. काकू माझ्यामागून म्हणत होत्या. भास्करराव. शेषराव. मग मी म्हणाले, दगडूराव. पुढे नुसती शांतता. मग काकू हसल्या.

"हे नाही म्हनत मी. पुढचं सांग."

"काकू, एकदाच म्हणा ना, कोणी ऐकत नाही."

"लग्नात घेतलं एकदा, लोकांयनं दार अडवलं म्हून. पुरे झालं. पुढचं सांग व पोरी, बाहीर वाट पाहून राह्यले ते."

तेवढंच होतं. काका म्हणाले, "परत लाव." मी परत लावलं. त्या खोलीत आवाज कुठेच फिरत नाही, थेट कानात येतो. काकू आमच्या दोघांच्या मध्ये बसल्यासारख्या वाटत होत्या. मला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण काका बसले होते म्हणून बसले.

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "ही हाये ती," म्हणाले. मग उपरणं खांद्यावर टाकत, "मंग सकाळची दुसरीच कोनी हाये."

"कोणीच नाही काका. मशीन आहे."

"तेच म्हनतो. ती नाही." ते उठले. "टाक माह्यं नाव परत. वाऱ्याचं सांगते ते कामाचं हाये. परक्या बाईले ओ द्याले काय भ्याचं?"

मी नंबर परत टाकला. संगीताचा फोन आला, ती घाबरतच बोलली, पण सगळं ठीक होतं. मामंजी आता ओ देत होते. सकाळी फोन आला की म्हणायचे, "हाव बाई, बोला." एखाद्या तलाठ्याशी बोलावं तसं. निरोप ऐकायचे, फोन ठेवायचे, गिरणी सुरू करायचे. तिला पट्ट्याला हात लावू देणं पुन्हा बंद झालं होतं. "आता कुरकूर करते माह्यावर," ती म्हणाली, आणि तिला त्याचाच आनंद झालेला होता. त्या दिवसांत मला माझ्या कामाचा थोडा अभिमानही वाटला. कॉलेजात मैत्रिणींना मी ही गोष्ट सांगितली.

अलीकडे कंपनीने आणखी एक सुधारणा केली. आता प्रत्येकाला कोणत्या शब्दाने हाक मारायची हे कंपनी ठरवत नाही. सॉफ्टवेअर स्वतःच वेगवेगळे शब्द वापरून पाहतं, आणि ज्या शब्दावर माणूस जास्त वेळ फोनवर थांबतो तो धरून ठेवतं. आजकाल सगळीकडे असंच चाललं आहे, सर म्हणाले. माझ्यासमोर यादी असते. कोणासमोर 'भाऊ' लिहिलेलं दिसतं, कोणासमोर 'दादा', कोणासमोर 'पाटील'. मुसलमान वस्तीत काही नावांपुढे 'चाचा' आलेलं पाहून मला हसू आलं.

मग एका सकाळी संगीताचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"ताई, आज नाव नाही घेतलं तिनं."

"मग काय म्हणाली?"

"अहो. निस्तं अहो म्हनली, अन् थांबली."

मी यादी उघडली. भास्कररावांपुढे 'भाऊ' होतं. वरखाली सगळं पाहिलं. 'अहो' फक्त एका नावापुढे होतं. सरांना विचारलं, हा शब्द कुठून आला. ते म्हणाले, त्याने स्वतः शोधला असेल, आम्ही टाकलेला नाही. नंतर म्हणाले, तसा साधाच शब्द आहे. तेही खरं आहे.

पण ते सगळं नंतर. त्या वेळी मी संगीताला विचारलं, "काका काय म्हणाले?"

"आलो म्हने."

"काय?"

"ती अहो म्हनली, अन् मामंजी म्हनले, आलो. अंगनातून म्हनायचे ना पहिले, तसंच. मंग तिनं वाऱ्याचं सांगितलं, खाकरली, अन् बंद झाली. मामंजी गिरणीत बसले हायेत. फोन हातात हाये."

मी म्हटलं, "वहिनी, फोन काढून घ्या त्यांच्याजवळून."

 मागे कुठे तरी कोंबडी ओरडत होती.

"हसून राह्यले ताई," ती म्हणाली. "सासूबाई गेल्या तेव्हापासून हसले नव्हते. कसा काढून घेऊ?"

तेव्हापासून रोज उजाडण्याआधी मी उठते, मागच्या खोलीत जाते, गाद्यांमध्ये बसून यादी उघडते. फोन जायला अजून थोडा वेळ असतो. दगडूकाकांचं नाव काढायला त्यावर बोट नेते आणि न टेकवता तसंच धरून ठेवते. मग नाव पुढे सरकतं, फोन जातो, आणि संगीताचा फोन येईपर्यंत मी तिथेच बसून राहते.